जुकदोतला ‘दो’ आणि तायक्वांदोतला ‘दो’

सोलला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाला तिथल्या कुमदोच्या, म्हणजे कोरियन तलवारीच्या क्लासला घातलंय, सामानाची यादी मिळालीय: दोबोक, जुकदो, मोकगम, होगु. यातला ‘दो’ म्हणजे तायक्वांदोतलाच ‘दो’ का, आणि आजीला फोनवर सांगताना या वस्तूंना मराठीत काय म्हणायचं?

ताई, तुमच्या एवढ्याशा यादीत दोन वेगळे दो आलेत. कुमदो, तायक्वांदो, ज्युदो यांतला दो म्हणजे मार्ग, पंथ. दोबोकमध्येही तोच (बोक म्हणजे कपडे) आणि सरावाच्या हॉलला दोजांग म्हणतात त्यातही तोच. पण जुकदोतला दो म्हणजे एका बाजूला धार असलेली तलवार, जुक म्हणजे बांबू. चिनी लिपीत दोघांची चिन्हं साफ वेगळी आहेत, पण कोरियन लोक आता सगळं हंगुलमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लिपीत लिहितात आणि तिथे दोन्ही सेम टू सेम दिसतात, आपल्या ‘मान वर कर’ आणि ‘मान दे’ मधल्या मानसारखे. भरीस भर म्हणजे राजा जंगजोच्या काळात, १७९० साली, युद्धकलेचा एक सचित्र ग्रंथ तयार झाला, ‘मुयेदोबोथोंगजी’, त्यातला दो आणखी तिसराच, त्याचा अर्थ चित्र!

मोकगम सोपं आहे, मोक म्हणजे लाकूड, गम म्हणजे तलवार. पुस्तकी नियमाने गम दुधारी आणि दो एकधारी, पण मोकगमचा आकार सरळसरळ एकधारी बाकदार तलवारीचा असतो तरी त्याला गमच म्हणतात, तेव्हा त्या नियमाला फार कवटाळून बसू नका.

गंमत जुकदोत आहे. बांबूच्या चार पट्ट्या एकत्र बांधलेल्या, टोकाला चामड्याची टोपी, मुठीला चामड्याचं कव्हर, अख्खी वस्तू गोल, धारेचा पत्ताच नाही, मग याला एकधारी तलवार कशाला म्हणायचं? तर टोकापासून मुठीपर्यंत एक दोरी ताणून बांधलेली असते बघा, ती दोरी म्हणजे पात्याची पाठ. तिच्या बरोब्बर उलटी बाजू ही धार समजायची आणि फटका त्याच बाजूने बसायला हवा, आडवा बसला तर पॉइंट नाही. म्हणजे नावातला दो त्या दोरीने सांभाळलाय. आणि एक, विषय निघालाच आहे तर, सरावाआधी पट्ट्यांवरून रोज हात फिरवून बघायला सांगा मुलाला, कुठे चीर गेली असेल किंवा कूस निघालं असेल तर ते समोरच्याच्या हेल्मेटच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकतं.

जपानी केंदोतली, म्हणजे तिकडच्या तलवारीच्या खेळातली, शिनाई ती हीच वस्तू. चिनी अक्षरंही तीच, फक्त जपानी लोक ती त्यांच्या ‘वाकणे’वाल्या देशी शब्दाने वाचतात, कोरियन लोक अक्षरांच्या उच्चाराने.

उच्चाराचं म्हणाल तर इंग्रजी स्पेलिंगवरून मराठीत आणायला जाऊ नका. कुमदो हे जुन्या स्पेलिंगचं देणं, नवीन स्पेलिंग बघून लोक जिओमदो म्हणतात ते तर त्याहून वाईट, खरा स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा आहे आणि पहिलं अक्षर क आणि ग यांच्या मधलं कुठलंतरी, म्हणून कम्दो किंवा गम्दो काहीही चालेल. जोडून म्हणताना मोकगमचं मोक्कम होतं आणि जुकदोचं जुक्तो. त्यातला ज ‘जुना’तला नाही, ‘जीव’मधला.

आता मराठी. आजीला ‘तलवारबाजी’ सांगितलंत तर चालेल, पण आपल्या पेपरांत तलवारबाजी म्हणजे फेन्सिंग, भवानी देवी खेळते ते, म्हणून मी कुमदोच ठेवेन. मोकगम लाकडी तलवार, जुकदो बांबूची तलवार, दोबोक सरावाचा ड्रेस. कोल्हापूरकडचा कुणी जुकदोला गदगा म्हणेल, पण फरी-गदग्यात एका हातात चामड्याने मढवलेली काठी आणि दुसऱ्यात छोटी ढाल असते, जुकदो दोन्ही हातांनी धरतात, सबब नको.

होगु म्हणजे चिलखत, त्यात होम्यन (जाळीचं हेल्मेट), होवान (जाड हातमोजे), गाप (छातीपोटाचं कवच) आणि गापसांग (कमरेभोवतीचे लोंबते पदर). हे सुरुवातीला लागत नाही, घाईने घेऊ नका. आणि कोरियन मित्रांसमोर हा शब्द जरा जपून, कारण होगु म्हणजे बोलीभाषेत सहज गंडवता येणारा बकरा, अक्षरं वेगळी पण कानाला तेच.

पुढेमागे यादीत गागम आलं तर ती बिनधारेची धातूची तलवार, सरावाची. जिनगम आलं तर मात्र खरी धारेची, आणि १५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याची तलवार बाळगायला कोरियात पोलिसांचा परवाना लागतो, तेव्हा ती आणण्याआधी क्वानजांगनिमना, म्हणजे क्लासच्या मुख्य मास्तरांना विचारा.