शेवटी शून्य कुठून आले?

टपालात पुन्हा तेच: मोठा क्रमांक एका ठिकाणाहून दुसरीकडे नेला आणि शेपटीचे आकडे बदलले. म्हणून यावेळी एवढाच विषय.

प्रश्न : मी पतसंस्थेत लिपिक आहे. एक्सेलमध्ये सोळा आकडी खाते क्रमांक भरले, तर प्रत्येकाच्या शेवटी शून्य आले. एक विक्रेता म्हणतो की त्याच्या सॉफ्टवेअरने मूळ आकडे परत येतील. घ्यावे का?

नका घेऊ. एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडे ठेवते आणि पुढच्या प्रत्येक जागी शून्य भरते. १२३४५६७८९०१२३४५६ लिहून एंटर मारा, १२३४५६७८९०१२३४५० दिसेल. सोळावा आकडा कुठे लपलेला नाही, तो फाइलमध्ये उरलेलाच नाही. जे नाही ते विक्रेता कुठून आणणार? अंदाजाने. आणि अंदाजाने भरलेला क्रमांक दुसऱ्या कुणाचा खराखुरा खाते क्रमांक निघू शकतो.

मुळात खाते क्रमांक ही संख्याच नव्हे. दोन खाते क्रमांकांची कधी बेरीज केलीत? ज्याची बेरीज-वजाबाकी होत नाही ते नाव, फक्त आकड्यांत लिहिलेले. पिनकोड, मोबाइल, आधार, सगळे त्यातलेच. म्हणून कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करायचा आणि मग भरायचा. भरून झाल्यावर टेक्स्ट केला तर गेलेले परत येत नाही. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येईल आणि ‘कन्व्हर्ट टू नंबर’ सुचवेल. त्याचे ऐकू नका.

बारा आकडी आधारची गंमत वेगळी. सेलमध्ये २.३४५६८ई+११ असे काहीतरी दिसते, पण आतला क्रमांक शाबूत असतो. तशीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केली की जे दिसत होते तेच लिहिले जाते, आणि मग क्रमांक खरोखर जातो. टेक्स्ट म्हणून नीट ठेवलेली सीएसव्हीसुद्धा डबल-क्लिकने उघडली की एक्सेल पुन्हा त्याला संख्या समजते, सुरुवातीची शून्येही खाते. डेटा टॅबमधून आयात करा आणि तो कॉलम टेक्स्ट ठरवा.

तुमच्यापुरते सांगायचे तर बिघडलेल्या फाइलला हात लावू नका, मूळ नोंदवहीवरून नवी यादी करा आणि पैसे सोडण्याआधी शाखाधिकाऱ्यांना व बँकेला कळवा. आजच. पुढच्या आठवड्यात नाही.

प्रश्न : दशांश स्थाने वाढवली की अचूकता वाढते, असे ऑफिसात सांगतात.

नाही.

प्रश्न : लाँगही ६४ बिटांचा, डबलही ६४ बिटांचा. मग एकातले दुसऱ्यात का मावत नाही? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

कारण लाँग फक्त पूर्णांक ठेवतो, डबल दशांश संख्याही, आणि डबलमधले ११ बिट घातांकाला आणि एक चिन्हाला जातो. अंकांसाठी ५२ उरतात, न साठवता गृहीत धरलेला एक मिळवून हिशेबात ५३ बिट मिळतात, म्हणून ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक नेमका बसतो. त्यापुढे एक सोडून एक. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ टाका. शेवटी ३ नाही, २ येईल. डबलचा धाकटा भाऊ, ३२ बिटांचा फ्लोट, त्यात हीच हद्द १६७७७२१६ वर येते, म्हणजे पावणेदोन कोटीही नाहीत. जावा इंट किंवा लाँगमधून फ्लोटमध्ये जाताना कास्टही (प्रकार बदलण्याची स्पष्ट आज्ञा) मागत नाही, तेव्हा कंपायलर गप्प बसला म्हणजे सगळे ठीक असे समजू नका. परीक्षेत काय लिहायचे ते मात्र सरांना विचारा.

प्रश्न : आमच्या ऑर्डरचा आयडी १७ ने सुरू होणारा, १९ आकडी. डेटाबेसमध्ये बरोबर, वेबपानावर चुकीचा. कधी दोन ऑर्डर एकच दिसतात.

डेटाबेसच्या बिगइंट या ६४ बिटांच्या पूर्णांकात तो नीट बसतो. सर्व्हरकडून पानाकडे माहिती जेसन या मजकुरी साच्यात येते, आणि तो वाचताना जावास्क्रिप्ट आयडीचा डबल करते. एवढ्या मोठ्या संख्यांत शेजारच्या दोन डबलमध्ये २५६ चे अंतर असते, मधले आयडी जवळच्यावर ढकलले जातात. सर्व्हरनेच आयडी अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून पाठवावा. ट्विटरला २०१० मध्ये हेच करावे लागले. आकडी आयडीशेजारी त्यांनी स्ट्रिंगचे वेगळे फील्ड दिले. पानावर आल्यावर त्याचा जावास्क्रिप्टमधला बिगइंट करून उपयोग नाही, तोवर आकडे गेलेले असतात. चुकीच्या आयडीवर रद्द किंवा परतावा झाला आहे का, ते डेटाबेस सांभाळणाऱ्यासोबत बसून तपासा.

प्रश्न : पायथनच्या पांडाज लायब्ररीत कालपर्यंत आयडी नीट येत होते. आज एक ओळ रिकामी आली आणि सगळेच बिघडले.

रिकाम्या जागी नॅन (‘संख्या नाही’ अशी खूण) बसतो, नॅन फ्लोट असतो, म्हणून अख्खा कॉलम फ्लोट. फाइल वाचतानाच तो कॉलम स्ट्रिंग ठरवा. नंतर पूर्णांक केलात तर चुकीचाच आयडी टापटीप दिसेल. हा कोड आणखी कुणी वापरत असेल तर बदलण्याआधी त्यांना विचारा.

प्रश्न : अशाच चुकीने रॉकेट पडले म्हणतात. खरे का?

अशाच नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ मध्ये ६४ बिटांची फ्लोट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात घालायला गेले. तिथे ३२,७६७ च्या वर जागाच नसते. चाळीसेक सेकंदांत रॉकेट संपले. तो ओव्हरफ्लो होता, म्हणजे संख्या जागेत मावलीच नाही, आणि त्याने निदान त्रुटी तरी दिली. तुमचे आकडे आवाज न करता जातात.

प्रश्न : रकमा डबलमध्ये ठेवल्या तर चालेल?

नाही. डेसिमल या नेमक्या दशांश प्रकारात ठेवा, नाहीतर रुपयांऐवजी पैसे मोजून पूर्णांकात. राउंडिंग कुठे करायचे ते सीएंना विचारा, प्रोग्रामरला नाही.