‘तिला एकदा रडवा, मॅडम’

घरात अचानक मृत्यू झाला की समुपदेशकाकडे येणाऱ्या नातेवाइकांना टाहो फोडणाऱ्या माणसाची फारशी काळजी वाटत नाही. त्यांना काळजी असते ती कोरड्या डोळ्यांनी घरभर वावरणाऱ्या माणसाची. नागपुरात समुपदेशक म्हणून काम करताना ‘हा माणूस रडत का नाही, याला काही होणार तर नाही ना?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, एका कुटुंबाच्या अनुभवाच्या आधारे त्याचे उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले. कुटुंबाची संमती घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मानेवाडा भागात राहणारे हे कुटुंब. थोरला मुलगा हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरीला होता. डिसेंबरातल्या एका रात्री दुसरी पाळी संपवून दुचाकीने घरी परतताना रिंग रोडवर ट्रकची धडक बसली आणि तो जागीच गेला. मागे पत्नी, आठ वर्षांचा मुलगा, आई आणि पाठचा भाऊ. तेरवी आटोपल्यावर वर्ध्याला दिलेली नणंद वहिनीला घेऊन माझ्याकडे आली. वहिनीला बाहेर बसवून ती आधी एकटीच आत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, दादा गेल्यापासून वहिनी रडूनच नाही राहिली. एकदाही नाही. आई म्हणते, हिच्या मनात कोंडून कोंडून हिला काहीतरी होऊन जाईल. तिला एकदा रडवा, मॅडम.”

तिच्या बोलण्यात माया होती, भीती होती आणि, ती कबूल करणार नाही पण, थोडा संशयही होता. न रडणाऱ्या बायकोचे नवऱ्यावर प्रेम होते का, हा प्रश्न आपल्याकडे कोणी तोंडावर विचारत नाही. तेरवीच्या जेवणापर्यंत तो पंगतीतून फिरून मात्र आलेला असतो. दरम्यान घरच्यांनी आपल्या परीने रडवण्याचे सगळे उपाय करून पाहिले होते. येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडून हंबरडा फोडत होती, नवऱ्याचा फोटो पुन्हा पुन्हा समोर धरला जात होता आणि एका वडीलधाऱ्या बाईने तर बांगड्या फोडताना तरी हिला पाझर फुटेल, असे सर्वांसमक्ष म्हटले होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची चर्चा स्त्रीच्या सन्मानाच्या अंगाने झाली, आणि ते योग्यच होते. परंतु धक्क्यात असलेल्या माणसावर सर्वांदेखत असा आघात करणे मानसिक आरोग्याच्या दृष्टीनेही घातक आहे, हे त्या चर्चेत आणखी ठासून सांगितले जायला हवे होते असे मला वाटते.

वहिनी आत आल्या आणि त्यांनीच मला विचारले, “मी दगड आहे का हो?” मग त्यांनी त्या रात्रीची हकिकत सांगितली. पोलिसांचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गॅसवरचे दूध उतरवले, कारण ते उतू जाणार होते. मग दिराला उठवले आणि मुलाच्या अंगावर पांघरूण नीट केले. शवविच्छेदनगृहाबाहेर त्या पहाटेपर्यंत उभ्या होत्या; तिथल्या भिंतीवरच्या सूचनाफलकावर कोणकोणती ओळ होती हे त्यांना आजही आठवते, पण नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला की नाही हे आठवत नाही. सगळे काचेपलीकडे दुसऱ्या कोणाच्या घरात घडत आहे असे वाटत होते. अंत्ययात्रा निघताना कोणाच्या तरी चपला अदलाबदल झाल्या, त्यावर दोन माणसे हुज्जत घालू लागली आणि त्यांना हसू आले. या हसण्याची त्यांना सर्वांत जास्त लाज वाटत होती.

यातली एकही गोष्ट वेडाची नव्हती, की प्रेम नसल्याची. एकाएकी आलेल्या मृत्यूच्या बातमीला शरीर जवळपास धोक्यासारखाच प्रतिसाद देते. अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके वाढतात, लक्ष एका अरुंद जागेवर खिळते आणि भावना काही काळ बधिर होतात. त्यामुळे दूध उतरवण्यासारखी सवयीची कामे हातून आपोआप होतात, क्षुल्लक तपशील मनावर कोरले जातात आणि मोठी गोष्ट मात्र निसटते. अवेळी येणारे हसूही बहुतेक वेळा असह्य झालेला ताण वाट मिळेल तिथून बाहेर पडल्यामुळेच येते. दीर्घ आजारात घरचे लोक रोज थोडे थोडे तयार होत असतात, निरोपाचे काही बोलणेही होते. अपघातात ही सवडच मिळत नाही. शिवाय ओळख पटवणे, पंचनामा, जबाब या गोष्टी त्याच रात्री अंगावर येतात, म्हणून बधिरपणा अधिक गडद असतो आणि कित्येकदा अधिक काळ टिकतो.

तीव्र शोकाचे पहिले पद्धतशीर वर्णनही एका आकस्मिक दुर्घटनेशी जोडलेले आहे. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात एका नाइट क्लबला लागलेल्या आगीत ४९२ माणसे गेली. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने तिथल्या शोकग्रस्तांसह १०१ जणांशी बोलून १९४४ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली: घसा दाटणे, सतत उसासे, पोटात पोकळी, हातापायांतले त्राण जाणे, मृताची प्रतिमा डोळ्यांसमोरून न हलणे, अपराधीपणा, जवळच्यांवरच चिडचिड. हा त्रास वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या लाटांनी येतो, असे त्यांनी नोंदवले. वहिनींना मी ही यादी सांगितली तेव्हा उसासे आणि गळून गेलेले हातपाय या दोन गोष्टींवर त्या थांबल्या. नणंदेला ती लक्षणे थंडीची वाटली होती आणि तिने हळदीचे दूध सुरू केले होते.

आता मूळ काळजीकडे येते. न रडलेले रडू आत साचून पुढे मोठ्या आजाराच्या रूपाने फुटते, ही समजूत केवळ आपल्या आजीबाईंची नाही. ती मानसशास्त्रातही दीर्घकाळ मानली जात होती. १९३७ मध्ये मनोविश्लेषक हेलेन डॉइच यांनी शोकाचा अभाव हाच विकार असल्याची मांडणी केली होती आणि पुढच्या अनेक दशकांत उपचारकांनी ती प्रमाण धरली. १९८९ मध्ये कॅमिल वॉर्टमन आणि रोक्सेन सिल्व्हर यांनी या गृहीतकाला पुरेसा आधार नसल्याचे दाखवले. नंतर जॉर्ज बोनानो यांच्या अभ्यासांतून असे दिसले की, मृत्यूनंतर तुलनेने स्थिर राहणारी माणसे अपवादात्मक नसतात आणि त्यांतील बहुतेकांना काही महिन्यांनी उशिराचा शोक गाठतोच असेही नाही. म्हणून नणंदेला मी स्पष्ट सांगितले की, वहिनीला रडवणे हे माझे काम नाही आणि त्यांचेही नाही. आघातानंतर लगेच माणसाला बसवून सगळा प्रसंग तपशीलवार वदवून घेण्याची पद्धतही आता शिफारसयोग्य मानली जात नाही. त्याने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींचा तो वाढूही शकतो.

शोकाचे पाच टप्पे असतात आणि ते क्रमाने ओलांडावे लागतात, असेही अनेकांनी कुठेतरी वाचलेले असते. दिराने ते मोबाइलवर पाहिले होते आणि वहिनी अजून पहिल्याच, म्हणजे नकाराच्या टप्प्यावर अडकल्या आहेत असा निष्कर्ष काढला होता. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते स्वतःच मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ती परीक्षेची पत्रिका नव्हती.

वहिनींच्या बाबतीत मला अधिक उपयोगी वाटली ती नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये केलेली मांडणी. त्यांच्या मते शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो: कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, कधी उरलेल्या आयुष्याच्या कामांकडे, आणि ही ये-जा निरोगी असते. वहिनींकडे कामांचा डोंगरच होता. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची होती, दाखल्याच्या प्रती काढायच्या होत्या, विमा, भविष्य निर्वाह निधी, अपघात दाव्यासाठी प्रथम खबरीची प्रत. हे सगळे त्या एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेनुसार लावत होत्या, आणि घरातल्या इतरांना नेमकी ती फाइलच खुपत होती. बँकेचे ओटीपी नवऱ्याच्या क्रमांकावर येत असल्यामुळे त्याचा मोबाइल त्या रोज चार्ज करीत आणि त्यात त्याने लावलेला पहाटे पाच चाळीसचा गजर रोज वाजत असे. गजर बंद का करत नाही, असे मी विचारले नाही. त्यांनी स्वतःच सांगितले की, गजर वाजला की त्या तो वाजू देतात, पूर्ण ऐकतात आणि मग कामाला लागतात. मला वाटते, त्यांच्या शोकाची जागा त्या गजरात होती. ती कोणाला दिसत नव्हती, एवढेच.

दिराचा त्रास निराळा होता. त्या रात्री येताना औषध आण, असा फोन त्याने दादाला केला होता आणि त्यामुळे दादाने नेहमीचा रस्ता सोडला, असे त्याच्या मनाने घेतले होते. बाहेर तो ट्रकचालकावर, पोलिसांवर, अगदी शेजाऱ्यांवरही भडकत होता. आकस्मिक मृत्यूनंतर ‘मी अमुक केले नसते तर’ हा विचार बहुतेक प्रत्येक घरात कोणीतरी वाहत असते, कारण ज्याला काहीच कारण नाही अशा घटनेपेक्षा स्वतःचा दोष असलेली घटना मनाला समजायला सोपी वाटते. त्याला ‘तुझी चूक नाही’ असे सगळे सांगत होते आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. आम्ही उलट त्या संध्याकाळी त्याला नेमके काय माहीत होते आणि काय माहीत असणे शक्यच नव्हते, हे कागदावर दोन रकान्यांत मांडले. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवत नव्हता, तेव्हा ‘पुतण्याचे शिक्षण मी करीन’ असे हात जोडून मोठ्याने म्हणणारा हाच दीर होता. त्या शब्दाने त्याला करण्यासारखे काहीतरी मिळाले होते आणि रकान्यांपेक्षा त्याचाच आधार त्याला जास्त झाला असावा.

मुलाला पहिले दोन दिवस ‘बाबा कामावर गेले’ असे सांगण्यात आले होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे बहुधा समजते. खोटे बोलले की त्याला फक्त एवढेच कळते की, या विषयावर घरात बोलायचे नाही. ‘बाबांचा अपघात झाला, त्यांचे शरीर बंद पडले, ते परत येणार नाहीत, यात तुझा काही दोष नाही’ असे साध्या शब्दांत आईनेच सांगावे, असे ठरले. ऐकून तो थोडा वेळ रडला आणि मग खाली क्रिकेट खेळायला गेला. लहान मुले शोक असाच तुकड्यातुकड्यांनी करतात. आजीला मात्र ते फार लागले.

एप्रिलमध्ये ऊन चढल्यावर वहिनींनी सज्ज्यावरचा कूलर खाली काढला. दरवर्षी त्याचे गवत नवरा बदलत असे. जुने गवत सोडवताना जाळीला त्याने पक्कडने पीळ देऊन बांधलेली तार हाताशी आली. तो पीळ उलट्या बाजूने असे, कारण तो डावखुरा होता. वहिनी तिथेच बसून दुपारभर रडल्या. नणंदेने मला फोन करून सुटकेच्या स्वरात सांगितले, “वहिनी रडली एकदाची.” तिचा आनंद मी समजू शकत होते, पण त्या दिवशी वहिनींचा शोक सुरू झाला किंवा खरा ठरला, असे मी मानत नाही; पाच चाळीसच्या गजरापासून तो चालूच होता.

काळजी कशाची करावी, हे याच घराने पुढे दाखवले. सासूबाई पहिल्या दिवसापासून रोज रडत होत्या आणि ‘आईचे काळीज’ म्हणून त्याबद्दल कोणी शंका घेतली नाही. वर्षश्राद्ध जवळ आले तरी त्या मुलाचे ताट वाढत होत्या, त्याच्या कपाटाला कोणाला हात लावू देत नव्हत्या, शेजारच्या मंदिरातही जात नव्हत्या, जेवण निम्म्यावर आले होते आणि ‘मी त्याच्याकडेच जाते’ असे म्हणू लागल्या होत्या. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकार ही स्वतंत्र नोंद आहे. तीव्र ओढ किंवा मृताचाच ध्यास सहा महिन्यांहून अधिक काळ, समाजात रूढ असलेल्या शोककाळाच्याही पलीकडे टिकला आणि रोजचे जगणे थांबले, तर त्याचा विचार करावा लागतो. अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी ही मर्यादा बारा महिन्यांची आहे. मरणाची भाषा ऐकू आली तर मात्र महिने मोजत बसू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री कोणी हाताशी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येते.

मनोविकारतज्ज्ञाचे नाव काढताच सासूबाई कडाडल्या, “मला पागलखाना चौकात नेता का?” प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या त्या चौकाच्या नावाने नागपुरातले किती रुग्ण दाराशी येऊन परत फिरले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शेवटी वहिनीच त्यांना घेऊन आल्या. कागदपत्रांच्या त्याच फाइलमध्ये त्यांनी सासूबाईंसाठी नवा कप्पा केला होता. नैराश्यावरचे औषध सुरू झाल्यावर सासूबाईंना झोप लागू लागली, मरणाचे बोलणे थांबले आणि त्यांच्यासोबतच्या भेटींत आम्ही मुलाबद्दल अपघाताच्या रात्रीखेरीजही बोलू लागलो. ताट वाढणे त्यांनी आपणहून सणावारापुरते ठेवले आहे. कपाट उघडायचे की नाही यावर सासू-सुनेचे अजून एकमत नाही आणि मीही त्याची घाई केलेली नाही.