तारेचा झोळ आणि हरवलेलं कॉश

प्रश्न : उच्चदाब वाहिनीच्या तारेचा झोळ (मधोमध ती किती खाली लोंबते ते) मायएसक्यूएल या डेटाबेसमध्येच काढायचा आहे. सूत्रात कॉश (हायपरबोलिक कोसाइन) आहे, पण ते फंक्शन सापडत नाही. काय करावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मायएसक्यूएलमध्ये ते नाहीच. ओरॅकलमध्ये आहे, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१९च्या १२व्या आवृत्तीपासून आलं. तुम्ही सरळ व्याख्याच लिहा : (एक्स्प(क्ष) + एक्स्प(-क्ष)) / २, इथे एक्स्प(क्ष) म्हणजे e चा क्ष घात. त्याचं स्टोअर्ड फंक्शन (डेटाबेसमध्येच साठवलेलं फंक्शन) करून ठेवा, म्हणजे प्रत्येक क्वेरीत कंसांशी झटापट नको.

मनोरे सारख्या उंचीचे असतील तर झोळ = अ × (कॉश(ल / २अ) − १). इथे ल म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर आणि अ म्हणजे तारेचा आडवा ताण भागिले दर मीटरचं वजन. ताण न्यूटनमध्ये आणि वजन किलोत असेल तर आधी वजनाला ९.८१ने गुणा, माझ्या मते निम्मे घोळ इथेच होतात. ल ३०० मीटर, अ १५०० मीटर घेऊन पाहा : उत्तर सुमारे ७.५०६ मीटर यायला हवं.

पुढेमागे पोस्टग्रेएसक्यूएलवर गेलात तर जपा. तिथे ल / २अ म्हणजे ३०० / ३००० हा पूर्णांकी भागाकार शून्य देतो, आणि झोळही शून्यच दिसतो, एररसुद्धा येत नाही. ३००.० लिहा.