पंप पाठीवर घेतला की उजव्या फऱ्यामागे (खांद्यामागच्या चपट्या हाडापाशी) पुन्हा पुन्हा दुखते, काय करावं?

तुम्ही लिहिलं की बाम लावला तर दोन दिवस बरं वाटते अन् फवारणीला गेलं की पुन्हा तिथंच कळ येते. भाऊ, मी पण यवतमाळकडचा, कपाशी-सोयाबीनवालाच, अन् दर खरिपात मला हेच व्हायचं, म्हणून जे समजलं ते सगळं लिहितो.

पहिले हे पाहा की दुखणं फऱ्याचंच हाय का. काहून की जिथं दुखते तिथंच बिघाड असेल असं काही नाही, मानेच्या मणक्यात नस दबली तरी कळ फऱ्याच्या आतल्या कडेला येते, अन् कधी कधी मान स्वतः काहीच दुखत नाही, म्हणून माणूस फराच चोळत बसते. घरीच पाहून घ्या, मान हळूच मागं अन् दुखऱ्या बाजूला वाकवली की कळ हातात उतरते का, बोटात मुंग्या येतात का, आणि त्याच बाजूचा हात डोक्यावर ठेवला की हलकं वाटते का. असं होत असेल तर मानेचं दुखणं समजा अन् हाडाच्या डॉक्टरला किंवा फिजिओथेरपीवाल्याला दाखवा, आणि हातातली ताकद कमी झाल्यासारखी वाटली, वस्तू सुटायला लागल्या, तर मग थांबूच नका.

असं काही नसेल तर बहुतेक स्नायूच हाय. मानेच्या वरच्या मणक्यांपासून एक स्नायू निघून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यावर येते, अन् पंपाचा पट्टा बरोबर त्याच्याच जवळ रुतते. १६ लिटरच्या पंपात नुसतं पाणीच १६ किलो, वरून पंपाचं वजन, डाव्या हातानं दांडा हलवायचा अन् उजव्या हातात नळी समोर धरून दिवसभर चालायचं, तर उजव्या फऱ्याला सैल व्हायला मोकळीकच मिळत नाही. पंप १० लिटरच भरा (औषधाचं माप पण त्या हिशोबानं कमी करा, नाही तर डोस जास्त होईल). भरलेला पंप जमिनीवरून झटक्यानं उचलू नका, बंडीवर नाही तर उंच धुऱ्यावर ठेवून पाठीवर घ्या. पट्टा रुंद करा, पण त्याच्याखाली दुपट्टा नका घालू, त्यात औषध मुरते अन् ते अंगाला लागते, फोम असलेला पट्टा लावा. कापूस वेचणाऱ्या बायांचं पण असंच होते, ओटी भरून वजनदार झाली तरी कपाशीची ओळ संपेपर्यंत सोडत नाहीत, अर्धी भरली की रिकामी करा म्हणून घरी सांगा.

पण खरा फरक मला ताकदीनं पडला. शेक, बाम, चोळणं यानं त्या दिवसापुरतं बरं वाटते, फरा मजबूत होत नाही. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवा, दोन्ही टोकं धरून कोपरं मागं ओढा, दोन्ही फरे एकमेकांकडं आणा, ५ सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा सकाळ-संध्याकाळ. थोडं ताणल्यासारखं वाटलं तर चालते, कळ आली तर थांबा. आठ दिवसात काही कळणार नाही, दीड-दोन महिने लावून धरा, म्हणून मी तर म्हणतो एप्रिल-मे मध्ये वावर रिकामं राहते तेव्हाच सुरू करा, फवारणी लागल्यावर कोणाला टाइम राहते.

आणि दुखलं की सुई टोचून घेऊन वावरात जायची सवय आपल्याकडं लय हाय, ती सोडा. दुखणं दाबणारं औषध घाम गाळून पाणी कमी झालेल्या अंगात किडनीवर ताण आणते, पोटात अल्सर करते, बीपी-शुगरवाल्यानं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये.

आता जे स्नायूचं नसते ते. तेलकट खाल्ल्यावर उजव्या फऱ्याखाली दुखून मळमळ-उलटी होत असेल तर पित्ताशयातला खडा असू शकते, सोनोग्राफी करा. छातीत दाब, घाम, दम लागत असेल, चालल्यावर वाढत असेल तर गॅस समजून घरी बसू नका, १०८ लावा. रात्री झोपल्यावर जास्त, संग ताप, वजन उतरणं असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी करा. एकाच बाजूला आग होऊन पुरळ उठलं तर नागीण, तिचं औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं.

तुम्ही वय लिहिलं नाही म्हणून हे पण सांगतो. विदर्भात सिकलसेल हाय, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात पाठ, छाती, हातापायाची हाडं पुन्हा पुन्हा दुखतात, थंडीत अन् अंगमेहनतीनं जास्त, आणि कित्येक पोरं वर्षानुवर्षं संधिवात समजून गोळ्या खात राहतात. पंप हातात घेतला नसेल तेव्हाही दुखत असेल, किंवा घरात आधी कोणाला सिकल निघालं असेल, तर बोटातल्या थोड्या रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट करते ती आधी करून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.