बाख (अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार) याच्या आधी पाश्चात्त्य संगीत कसं होतं? ते पहिल्यापासूनच अनेक सुरांचं होतं का, आणि ऐकायला कुठून सुरुवात करू?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे: नव्हतं. युरोपातलं जे जुनं संगीत आज बऱ्यापैकी खात्रीने गाता येतं, त्यात सगळे मिळून एकच चाल गातात. मठवासी लॅटिन स्तोत्रं म्हणायचे. साथीला वाद्य नाही, ठेका नाही, लय शब्दांच्या वजनावर चालायची. याला ग्रेगोरियन चँट म्हणतात. नाव पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द 590 ते 604) यांचं, पण ही गाणी आजच्या रूपात जुळून आली ती बरीच नंतर, आठव्या-नवव्या शतकात, फ्रँक राजा शार्लमेन आणि त्याचे वडील यांच्या राज्यात. राज्यभर पूजाविधी एकच हवा म्हणून रोमची गाणी उत्तरेत नेली, तिथल्या गायकांनी ती आपल्या वळणाने घेतली, आणि श्रेय गेलं पोपना. आपल्याला यात नवल वाटायला नको, ‘तुका म्हणे’ लावलेले सगळे अभंग तुकोबांचे थोडेच आहेत!

मग हे लोक आपल्यापेक्षा वेगळ्या वाटेला कसे लागले? माझं मत असं की कारण कानात नाही, कागदावर आहे. सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचे बिशप इसिदोर लिहून गेले की सूर लिहिता येत नाहीत, माणसाने लक्षात ठेवले नाहीत तर ते नाहीसे होतात. दोनेकशे वर्षांनी शब्दांच्या डोक्यावर छोट्या खुणा दिसू लागतात. त्यावरून चाल वर जाते की खाली एवढंच कळतं, नेमका सूर कोणता हे नाही. चाल आधी पाठ असेल तरच उपयोग. 1025-30 च्या सुमारास इटलीतल्या ग्वीदो नावाच्या मठवाशाने चार आडव्या रेघांची पद्धत घट्ट बसवली आणि न ऐकलेलं गाणं नुसतं बघून गाता येऊ लागलं. ‘उत रे मी फा सोल ला’ ही नावंही त्याचीच. एका स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वरून सुरू होत होती, त्या ओळींची पहिली अक्षरं त्याने उचलली. हीच ‘सोल्फा’ची परंपरा पुढे पोर्तुगिजांबरोबर गोव्यातल्या चर्चच्या शाळांत आली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नोटेशन बघून झरझर वाजवणारे इतके गोवेकर व्हायोलिनवादक आले ते याच तालमीतून.

यात एक गोष्ट हातची गेली. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या जुन्या पोथ्यांतल्या खुणा सूर सांगत नाहीत, पण कुठे रेंगाळायचं, कुठे उरकायचं, कुठे आवाज विरवायचा हे सांगतात. चार रेघांवर सूर पक्का झाला आणि या बारकाव्यांतलं बरंच काही पुसलं गेलं. मींड-मुरकी ऐकत वाढलेल्या माणसाला हा सौदा महागच वाटेल.

अनेक सुरांची सुरुवात अगदी साधी आहे. नवव्या शतकाच्या शेवटाकडच्या एका ग्रंथात सांगितलंय की मूळ चाल एकाने गावी आणि दुसऱ्याने तीच चाल चार किंवा पाच सूर खालून सोबत चालवावी. ऐकताना भव्य वाटतं, पण दोन मिनिटांत कंटाळा येतो. खरी उडी पॅरिसमध्ये, नोत्र दामच्या कॅथेड्रलमध्ये. 1163 च्या सुमारास बांधकाम सुरू झालं आणि त्याच काळात लेओनँ व पेरोतँ या संगीतकारांची नावं पुढे येतात. खालचा आवाज चँटचा एकेक सूर तानपुऱ्यासारखा लांबवर धरून ठेवतो आणि वरचे आवाज त्यावर नाचतात. फरक इतकाच की धरलेला सूर मधेच बदलतो आणि पायाखालची जमीन सरकते. पेरोतँने वर एक नाही, तीन आवाज नाचवले. चौघांना एकत्र ठेवायचं तर लय बांधावीच लागते, म्हणून लांब-आखूड सुरांचे सहा साचे ठरले, सगळे तिनाच्या हिशेबात. पुढे 1280 च्या आसपास कोलोनच्या फ्रँकोने सुराच्या आकारावरूनच त्याची लांबी कळेल असे नियम लिहिले.

चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या फिलिप द वित्री आणि मंडळींनी दोनाच्या विभागणीलाही बरोबरीचा मान दिला आणि आपल्या शैलीला ‘नवी कला’ म्हटलं. 1324-25 च्या सुमारास आविन्योंहून (तेव्हा पोप रोमऐवजी या गावी राहत) पोप बाविसावे जॉन यांनी फर्मानच काढलं: हे लोक सुरांचे तुकडे पाडतात, मूळ चाल ओळखू येत नाही. फारसं कोणी ऐकलं नाही. शतकाच्या उत्तरार्धात माशो या फ्रेंच संगीतकाराने अख्खा मास, म्हणजे चर्चमधल्या मुख्य पूजाविधीचं गायन, चार आवाजांत रचला.

आता माझ्या आवडीचा भाग, गंधार. माशोपर्यंत गाणं थांबायचं ते सा-प-सा वर. गंधार मधे येऊन जायचा, त्यावर विसावा नव्हता. पंचमावर पंचम रचत गेलं की जो गंधार मिळतो त्याचं षड्जाशी प्रमाण 81/64. तानपुऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार 5/4 चा. पहिला थोडा चढा आणि कानाला टोचणारा. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या डन्स्टेबलसारख्यांचं गंधार-धैवतांनी भरलेलं संगीत फ्रान्स-बेल्जियमकडे पोचलं, द्यूफायसारख्यांनी ते उचललं आणि सगळा नादच मऊ झाला. हा बदल इतका मोठा वाटला की 1477 मध्ये टिंक्टोरिस नावाच्या पंडिताने चक्क लिहिलं, चाळीस वर्षांपूर्वीचं काही ऐकण्याजोगं नाही! तुम्ही ज्याला ‘प्रबोधनकाळ’ म्हणून वाचता तो संगीतात बहुतेक इथून धरतात.

पुढचं भराभर सांगते. 1501 मध्ये व्हेनिसमध्ये पेत्रुचीने अनेक आवाजांचं संगीत छापलं आणि जोस्कँसारख्यांची कीर्ती दूरवर गेली. सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रीना या संगीतकाराच्या एका मासने चर्चमधली बहुस्वरी गायकी बंदीतून वाचवली ही गोष्ट सगळीकडे वाचाल, ती दंतकथा आहे. 1600 च्या आगेमागे फ्लॉरेन्समधल्या मंडळींनी तक्रार केली की एवढ्या आवाजांच्या गुंत्यात शब्द कळत नाहीत. मग एक गाणारा, खाली खर्जाची ओळ आणि त्यावर वाजवणाऱ्याने जागेवर भरलेले स्वरसमूह, अशी मांडणी आली. इथून बरोक, म्हणजे बाखपर्यंत चालणारा काळ, सुरू होतो. म्हणजे सातशे वर्षं आवाज वाढवत नेले आणि शेवटी पुन्हा एकट्या गळ्याकडे वळले. बाख या दोन्ही गोष्टींचा वारस.

ऐकायला बाखपासून मागे जाऊ नका, जुन्यापासून पुढे या. पेरोतँचं ‘विदेरुंत ओम्नेस’ घ्या. पहिलं अक्षरच किती वेळ चालतं ते बघा. मग माशोच्या मासमधलं ‘किरिये’, मग जोस्कँचं ‘आवे मारिया’, ज्यात चार आवाज एकापाठोपाठ एक आत येतात. शेवटी मोन्तेवेर्दीचा ऑपेरा ‘ओर्फेओ’ (1607). तो सगळा एका बैठकीत ऐकू नका, दुसऱ्या अंकात निरोप घेऊन आलेली बाई ओर्फेओला त्याच्या बायकोच्या, युरिडिसच्या, मृत्यूची बातमी सांगते, तेवढा भाग शब्दांचा अर्थ समोर ठेवून ऐका.