मुंबईहून युटाला येणाऱ्या कॅथलिक कुटुंबासाठी: मॉर्मन शेजाऱ्यांशी श्रद्धेविषयी बोलताना

सॉल्ट लेक सिटीत तुमची नोकरी ठरली आहे, शेजार बहुतेक मॉर्मन असणार आहे, आणि ते आपल्यासारखेच ख्रिस्ती आहेत का, त्यांच्या प्रार्थनेला जावे का, सात वर्षांच्या मुलीला काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. मीही मरोळच्या कॅथलिक घरातला असून बरीच वर्षे इथे राहतो आहे. जाणे-येणे मोकळेपणाने ठेवावे असेच मी सांगेन; मात्र बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर पती-पत्नींनी निघण्यापूर्वीच एकमत करून घ्यावे.

ही मंडळी येशूला तारणारा मानतात, बायबल वाचतात आणि स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. 2018 पासून त्यांच्या नेतृत्वाचा आग्रह असा आहे की ‘मॉर्मन’ न म्हणता चर्चचे पूर्ण नाव (‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’) घ्यावे किंवा ‘लॅटर-डे सेंट्स’ म्हणावे, तेव्हा समोरासमोर तेवढे पाळावे. बहुपत्नीत्वाचा विषय पहिल्याच भेटीत काढू नये. चर्चने ती प्रथा बंद करण्याची घोषणा 1890 मध्येच केली आहे.

खरा भेद देवाविषयीच्या समजुतीत आहे. आपण दर रविवारी मिस्सामध्ये जो विश्वासांगीकार म्हणतो, त्याचा पाया 325 च्या निकेया धर्मपरिषदेत घातला गेला: देव एकच, व्यक्ती तीन, आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व. लॅटर-डे सेंट्स ते सूत्र मानत नाहीत. त्यांच्या मते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे हेतूने एक असले तरी तीन वेगळी अस्तित्वे आहेत, आणि पित्यालाही हाडामांसाचे अमर शरीर आहे. दुसरा भेद अधिकाराचा आहे. पेत्रापासून आजच्या पोपपर्यंत परंपरा अखंड आहे असे आपण मानतो. त्यांच्या मते प्रेषितांच्या मृत्यूनंतर तो अधिकार पृथ्वीवर उरला नाही आणि जोसेफ स्मिथ यांच्याद्वारे देवाने तो पुन्हा दिला. स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे खरे मानले तर आपले चर्च मधल्या काळात अधिकाराविना चालले असे म्हणावे लागते. इतका मोठा दावा चहाच्या गप्पांत मिटणारा नाही (तसा चहाही ते घेत नाहीत, चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू त्यांना वर्ज्य आहे).

म्हणूनच बाप्तिस्म्याचा प्रश्न नाजूक ठरतो. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चमध्ये झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते, पण लॅटर-डे सेंट्सचा बाप्तिस्मा वैध नाही असा निर्णय व्हॅटिकनने 2001 मध्ये दिला, कारण शब्द जवळजवळ तेच असले तरी त्यांमागची त्रैक्याची श्रद्धा ती नाही. तेही आपला बाप्तिस्मा मान्य करत नाहीत. त्यांच्याकडे बालकांचा बाप्तिस्मा होत नाही. मूल आठ वर्षांचे झाले की पूर्ण पाण्यात बुडवून तो देतात. तुमची मुलगी पहिल्या कम्युनियनची तयारी करत असेल, नेमक्या त्याच वर्षी तिच्या वर्गमैत्रिणी पांढऱ्या कपड्यांत बाप्तिस्मा घेतील आणि तिला पाहायला बोलावतील. तिला जरूर न्यावे, आणि तिचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला असून तो पुन्हा घ्यायचा नसतो, हे आधीच सांगून ठेवावे.

त्यांच्या रविवारच्या सभेला कोणीही जाऊ शकते. किशोरवयीन मुले हाताने तोडलेल्या पावाच्या तुकड्यांचे ताट आणि नंतर पाण्याच्या इवल्याशा पेल्यांचा ट्रे रांगेरांगेतून फिरवतात. आपण काही न घेता पुढे द्यावे, कोणी वळूनही पाहत नाही. भिंतीवर क्रूस दिसणार नाही, मरियेची मूर्ती नाही, पगारी धर्मगुरू नाही. शेजारचे दाताचे डॉक्टरच स्थानिक मंडळीचे बिशप असल्याचे कळले तर चकित होऊ नये. अर्थात या सभेने रविवारच्या मिस्साची जबाबदारी संपत नाही. खास विधींसाठी वेगळी असलेल्या त्यांच्या मंदिरांत मात्र बाहेरच्यांना प्रवेश नाही. तिथे होणाऱ्या विवाहाला वधूचे आईवडीलसुद्धा, ते सभासद नसतील तर, आत जाऊ शकत नाहीत.

मृतांविषयीही बोलणे निघेल. आपण 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतो आणि शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण करतो. ते मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत माणसाला मंदिरात बाप्तिस्मा देतात, आणि तो स्वीकारणे न स्वीकारणे त्या आत्म्यावर सोडतात. यासाठीच त्यांनी वंशावळींचा प्रचंड संग्रह केला आहे. अशा वापरासाठी धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) नोंदवह्या त्यांना देऊ नयेत, असे व्हॅटिकनने 2008 मध्ये धर्मप्रांतांना कळवले. एखादा शेजारी प्रेमाने तुमची वंशावळ काढून देऊ लागला, तर ती कशासाठी वापरली जाईल हे विचारण्यात काहीच गैर नाही. मी विचारतो, आणि उत्तर सरळ मिळते.

इतके भेद असूनही इथला संवाद जुना आहे. 1879 मध्ये सेंट जॉर्ज गावी फादर स्कॅनलन यांना मिस्सासाठी जागा हवी होती, तेव्हा मॉर्मन मंडळींनी आपले सभागृह दिले आणि त्यांच्याच गायकवृंदाने लॅटिन गीते शिकून गायली. हेच स्कॅनलन पुढे सॉल्ट लेकचे पहिले बिशप झाले. 2019 च्या मार्चमध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांना भेटले. अशा भेटींत सिद्धान्त कोणी बदलत नाही; भुकेल्यांना अन्न, कुटुंब, धर्मस्वातंत्र्य अशा सामाईक कामांवर बोलणे होते, आणि शेजाऱ्यांच्या पातळीवरही तेच सर्वांत चांगले जमते. काळ्या नावपट्ट्या लावलेले दोन तरुण, म्हणजे त्यांचे धर्मप्रचारक, दाराशी आले तर त्यांना पाणी द्यावे, ऐकून घ्यावे, आपण कॅथलिक आहोत आणि धर्म बदलायचा नाही हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. गुळमुळीत उत्तर दिले की ते पुन्हा येतात, आणि त्यात दोष आपलाच असतो.

मिस्सासाठी शहराच्या मध्यावर साउथ टेंपल रस्त्यावर कॅथीड्रल ऑफ द मॅडेलिन आहे. घराजवळचे धर्मग्राम कोणते ते तिथे विचारता येईल. निघण्यापूर्वी मुंबईतल्या तुमच्या चर्चमधून मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखला सही-शिक्क्यासह घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. पहिल्या कम्युनियनच्या वर्गात नाव घालताना तो मागतात.