राहून गेलेली ओवी

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुमच्याकडे आले होते, तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये. आजी जात्यावरची ओवी म्हणत होत्या. तू मोबाइल धरलास, तेवढा तुकडा स्टेटसला टाकलास आणि कुणीकुणी पाहिलं ते बघायला लागलीस. आजींनी दुसरी ओवी म्हणायला तोंड उघडलं, तुझ्याकडे पाहिलं आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. तुला ते दिसलंच नाही.

रागवायला लिहीत नाहीये. तुझा आजींवर किती जीव आहे, ते मी बघतेच. म्हणूनच वाटतं, हा खेळ कसा चालतो ते तुला कळायला हवं. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारतच राहतं; दाणा बंद झाला तरी लवकर थांबत नाही. तुझ्या स्टेटसचं तसंच आहे. कधी पाच जण बघतात, कधी पन्नास, कधी नेमकं हवं ते माणूस. नेम नाही, म्हणूनच हात सारखा तिकडे जातो. फेसबुकवर लाइकचं बटण आलं २००९ मध्ये, तेव्हा तू अंगणवाडीतही जात नव्हतीस. म्हणजे त्याच्याआधीचं जग तुला माहीतच नाही.

वेळ वाया जातो, असं सगळे म्हणतात. मला त्याची तेवढी काळजी नाही, आम्हीही गप्पांत दुपारच्या दुपारी घालवल्या. काळजी वेगळीच आहे. ती ओवी तुला आवडली की नाही, हे तुझं तुला उमगायच्या आतच ती इतरांना आवडली का, हे तू बघायला गेलीस. असं रोज होत राहिलं की जे कुणाला दाखवता येत नाही, ते करावंसंच वाटेनासं होतं. आजाऱ्याच्या उशाशी नुसतं बसणं कुठल्या स्टेटसला टाकणार?

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला, की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मला त्यातलं शहाणपण वाटतं ते हे, की सगळ्यांनी एकदम बंद करायचं. एकट्याने फोन ठेवला तर आपलं काहीतरी हुकतंय असं वाटत राहतं. सगळ्यांनीच ठेवला तर हुकायला उरतं काय? तेव्हा एकटीने निश्चय करू नकोस. बाबांनाही सांग, त्यांचा फोन जेवताना ताटाशेजारीच असतो. 'बाईंनी सांगितलंय' म्हण हवं तर.

रविवारी फोन आतल्या खोलीत ठेवून आजींजवळ बस. वही घे. शब्द सुटला तर 'आजी, पुन्हा म्हण ना' असं म्हणायला लाजू नकोस. आणि ती दुसरी ओवी मला लिहून पाठव. माझीही ऐकायची राहिली आहे.

तुझ्या
शाळेतल्या बाई